माल घरात येऊ द्या

आमच्या गावात अमेरिकेतली लढाई दरवर्षी दसऱ्याला सुरू व्हायची आणि गुढीपाडव्याच्या आत संपायची. लढणारे अप्पा एकटेच. उत्तरेकडूनही तेच आणि दक्षिणेकडूनही तेच. जिंकायचे तेच, हरायचेही तेच, आणि शेवटी उपरण्यानं डोळे पुसत उठायचे. गाव त्यांना लढाईअप्पा म्हणायचं. तोंडावर नुसतं अप्पा.

अप्पा तेलगावच्या शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर आमच्या गावी, सिरसाळ्याजवळ, घरी परत आले. घरचं किराणा दुकान होतं, रस्त्याला लागून कापसाचं रान होतं. कपाळाला भस्माचे पट्टे, अंगात पांढरा सदरा, आणि खिशात पेनाऐवजी मूठभर ज्वारी. शाळेच्या पुस्तकात त्या लढाईला दीड पान होतं म्हणे. अप्पांना त्याचा फार राग होता. "दीड पानात एवढी माणसं गाडून मोकळे झाले," ते म्हणायचे. "बारशाला सुद्धा याहून जास्त जागा लागते."

एवढी लांबची लढाई तुम्हालाच का म्हणून लागली, असं कुणी विचारलं की ते आपल्या दुकानाकडे बोट दाखवायचे. तिकडच्या दक्षिण भागात नजर पोचेल तिथवर कापूस होता आणि तो वेचायला विकत घेतलेली काळी माणसं होती. ती तशीच ठेवायची की सोडायची, यावरून एका देशाची दोन सैन्यं झाली. उत्तरेच्या जहाजांनी दक्षिणेची बंदरं अडवली. तिकडचा कापूस बाहेर पडेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत अप्पांच्या खापरपणजोबांनी हे दुकान घातलं. "तिकडं माणसं मेली, इकडं आमचा गल्ला भरला," अप्पा सांगायचे. "ते काही भरून देता येत नाही. म्हणून निदान सांगतो."

मी त्यांच्या सालगड्याची मुलगी. माझ्या आबांची आधी मेंढरं होती. ती गेल्यावर आबा अप्पांकडे सालानं राहिले. पाडव्याला साल सुरू, पुढच्या पाडव्याला साल पूर्ण. मधे धोतरजोडी, चपला आणि एक घोंगडी. आम्ही गोठ्याशेजारच्या खोलीत राहायचो. मी गावच्या शाळेत चौथी पास झाले त्याच उन्हाळ्यात अक्कांचे गुडघे धरले. अक्का म्हणजे अप्पांच्या घरच्या. "थोडे दिवस येऊ दे पोरीला हाताखाली," त्या आबांना म्हणाल्या. आबा हो म्हणाले. आबा त्या घरात कशालाच नाही म्हणत नव्हते.

पाचवी आमच्या गावात नव्हती, सिरसाळ्याला होती. मला पाचवीला जायचं होतं. घरात हे मी कधी बोलले नाही. मला बोलायचीच लाज वाटायची. पण माझ्या शाळेतल्या बाईंना मी एकदा सांगितलं होतं आणि त्या म्हणाल्या होत्या, "बघते मी, येते तुझ्या घरी." म्हणून जून महिना आला की अंगण झाडताना मी रस्त्याकडे बघत राहायचे. बाई येतील, चल म्हणतील, आणि अक्कांचे थोडे दिवस संपतील. पहिला जून गेला. दुसरा गेला. पुढे बाईंची बदली झाली असं कानावर आलं, आणि मी रस्त्याकडे बघायचं सोडलं. खरं तर सोडलं नाही. सवयीनं मान वळायचीच.

लढाई अंगणात व्हायची आणि अंगण सारवायचं काम माझं. सारवण वाळलं की अप्पा मांडी घालून बसायचे. हापसा ही उत्तरेची राजधानी. उखळ ही दक्षिणेची, रिचमंड. दोन्ही इतक्या जवळ की अप्पा म्हणायचे, "भावकीचं भांडण हे, बांधाला बांध लागलेला." ज्वारी म्हणजे उत्तरेचं सैन्य. सरकी म्हणजे दक्षिणेचं, कारण कापूस तिकडचा. तांब्यातलं पाणी बारीक धारेनं ओतलं की मिसिसिपी नदी. तिकडची नावं माझ्या जिभेला वळायची नाहीत, म्हणून अप्पांनी माणसांना आमच्यासारखी नावं पाडली. उत्तरेचा अध्यक्ष उंच्या. दक्षिणेचा मोठा सेनापती म्हणजे करड्या घोड्यावरचा म्हातारा. उत्तरेचा एक सेनापती कवायत फार सुंदर घ्यायचा पण लढाईला निघायचाच नाही. तो उद्यावाला. आमच्या गावात आजही कामचुकार माणसाला उद्यावाला म्हणतात. तो शब्द कुठून आला ते आता कुणाला माहीत नाही.

ऐकायला माणसं थोडीच. समोरचा रामा टेलर मशीन थांबवून यायचा, तेही मुख्यतः टिंगल करायला. आबा बैलांना वैरण टाकून यायचे आणि ओसरीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसायचे. उठताना खांद्यावरच्या पंच्यानं बसलेली जागा पुसायचे. असं करा म्हणून त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. अप्पा तर म्हणायचे, "अरे, राहू दे." तरी आबा पुसायचेच. मला त्याची लाज वाटायची. आपल्या बापाची लाज वाटते, याची त्याहून जास्त वाटायची.

पहिली लढाई मला अजून आठवते. अप्पांनी हापशाकडून ज्वारीची ओळ ओढत आणली होती. राजधानीतली बडी मंडळी डबे बांधून, बायकापोरांसह गाड्यांतून ती लढाई बघायला आली होती, असं ते सांगत होते. दुपारपर्यंत उरकेल आणि मग जेवू, अशा बेतानं. इतक्यात माझ्या मायची कोंबडी गोठ्यातून आली आणि कुणाला काही कळायच्या आत उत्तरेची उजवी बाजू टिपून मोकळी झाली. मी घाबरून ओरडले, "अप्पा, कोंबडीनं सैन्य खाल्लं!" अक्का आतून म्हणाल्या, "खाऊ दे. न्हाईतरी दाण्याची नासाडीच चालली हाय." रामा टेलर पोट धरून हसत होता. अप्पा मात्र उडी मारून उभे राहिले. "अगदी असंच झालं! पळाले उत्तरेवाले! डबे टाकून पळाले, गाड्या एकात एक अडकल्या!" पुढे दरवर्षी पहिल्या लढाईच्या दिवशी ते आबांना सांगायचे, "कोंबडी सोड रे."

या लढाईत एक गोष्ट मला बरेच दिवस कळली नव्हती. पारावर पत्ते खेळणारी माणसं ओरडायची, गुलाम टाक, गुलाम कुणाकडं हाय. मला गुलाम म्हणजे पत्त्यातला तेवढाच माहीत. एवढी माणसं एका पत्त्यावरून मेली याचं मला नवल वाटायचं, पण मोठ्या माणसांचं काही सांगता येत नाही असंही वाटायचं. एकदा धीर करून मी विचारलं, "अप्पा, मग शेवटाला गुलाम कुणाकडं गेला?"

रामा टेलर म्हणाला, "हुकमाचा का चौकटचा, ते बी इच्यार की गं!" आणि हसत सुटला. आबाही तोंडावर हात ठेवून हसले.

अप्पा हसले नाहीत. त्यांनी मला नीट सांगितलं. "गुलाम म्हणजे ज्याला उठून जाता येत नाही, असा माणूस. काम दुसऱ्याचं, अंग दुसऱ्याचं, लेकरं पण दुसऱ्याची. जावंसं वाटलं तरी जाता येत नाही."

मी जरा विचार केला. मग पायरीकडे बघून म्हणाले, "म्हंजी आमच्या आबासारखं?"

रामा टेलरचं हसू एकदम थांबलं. आबा म्हणाले, "गप गं. तोंडाला काय हाड हाय का न्हाई?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता, भ्यालेला होता.

"तसं नाही, पोरी," अप्पा म्हणाले. त्यांनी घसा खाकरला. "तुझा बाप गडी आहे. गडी आणि गुलाम यांत फरक आहे. त्याचं साल असतं. पाडवा आला की तो मोकळा. राहायचं तर राहील, नाही तर जाईल."

"तर काय," आबा म्हणाले आणि हात जोडले. कशासाठी जोडले, कुणास ठाऊक.

फरक मला पटला. फक्त तेव्हा माझ्या मनात आलं की माझं तर सालच धरलेलं नाही. ज्याचं साल नाही त्याचा पाडवा कधी येतो, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण एकदा हसं झालं होतं, म्हणून मी गप्प बसले.

मला सगळ्यात आवडायचा तो भाग लढायांचा नव्हता. उत्तरेचं सैन्य जसजसं खाली सरकायला लागलं तसतसे गुलाम आपणहून उठून त्याच्या छावणीत जायला लागले. कुणी बोलावलं नव्हतं. डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू, आणि चालत. मालक मागे आले, आमची माणसं परत द्या म्हणाले, तर छावणीतला एक सेनापती म्हणाला, देत नाही. अप्पा हे सांगताना आवाज बारीक करायचे. मग उंच्यानं जाहीर केलं की बंडखोर मुलखातले सगळे गुलाम मोकळे, आणि त्यांना फौजेतही घेतलं. त्या दिवशी अप्पा अक्कांकडे उडीद मागायचे. काळे कुळकुळीत उडीद ज्वारीत मिसळायचे आणि म्हणायचे, "आता ही लढाई खरी झाली."

"व्हय, झाली खरी," अक्का म्हणायच्या. "लढाई तुमची, आन् उडीद निवडायचे पोरीनं." आणि खरोखर लढाई उठली की ज्वारीतून उडीद आणि उडदातून सरकी वेगळी करत मीच बसायचे. माझ्या मनात त्याचं दुःख नव्हतं, हे मात्र सांगायला हवं. ते दाणे हातात असताना मला वाटायचं, मीही त्या छावणीपर्यंत चालत गेले आहे.

गेटिसबर्गच्या लढाईच्या दिवशी अप्पा जेवायचे नाहीत. करड्या घोड्यावरच्या म्हाताऱ्यानं तिसऱ्या दिवशी आपली माणसं उघड्या रानातून, चढावर, तोफांच्या तोंडी चालवत पाठवली. अप्पा तळहातानं सरकी हळूहळू पुढे ढकलायचे, पायरीपर्यंत. नंतर त्यातली थोडीशीच बोटांनी मागे ओढायचे. बाकीची तिथंच राहायची. "चुकलं ते म्हाताऱ्याचं," ते म्हणायचे. "आणि वाटेत परतणाऱ्यांना भेटून तो म्हणाला, चूक माझी आहे. एवढं म्हणणारे तरी किती असतात?" डोळ्यांतून पाणी यायचं. रामा टेलर म्हणायचा, "अप्पा, गुलाम ठेवणाराईसाठी कशाला रडताव?" अप्पा म्हणायचे, "चुकीच्या बाजूनं मरतो त्याची आई पण रडतेच की रे."

त्याच सुमाराला उत्तरेच्या सतत चिरूट ओढणाऱ्या सेनापतीनं, म्हणजे चिरूटवाल्यानं, नदीकाठचं व्हिक्सबर्ग वेढा घालून घेतलं. मिसिसिपी उत्तरेच्या हातात आली आणि अप्पा तांब्यातल्या पाण्यानं सरकीचे दोन तुकडे करायचे. मग उत्तरेचा आणखी एक सेनापती समुद्रापर्यंत मुलूख जाळत गेला. रेल्वेचे रूळ तापवून झाडांना पिळे घातले. अप्पांनी कुंपणाची तार लिंबाला गुंडाळून दाखवली होती. ती पुढे कित्येक वर्षं झाडात रुतून होती. शेवटी उखळ पडायचं. करड्या घोड्यावरचा म्हातारा शरण यायचा, आणि चिरूटवाला त्याच्या हरलेल्या माणसांना म्हणायचा, घोडे घरी घेऊन जा, नांगरणीला लागतील. हे वाक्य अप्पा उभं राहून म्हणायचे. आबांना ते फार आवडायचं. "नांगरणीचं लक्षात ठिवलं म्हंजी माणूस चांगला," ते म्हणायचे. तिथं लढाई संपायची, पाडवा यायचा आणि आबांना नवी धोतरजोडी मिळायची.

ज्या वर्षी लढाई शेवटची झाली त्या वर्षी मी चौदा वर्षांची होते. लग्नसराईचं शिवण होतं म्हणून रामा टेलर आला नव्हता. उन्हं कलली होती. आबा पायरीवर होते, अक्का दारात शेंगा सोलत होत्या. अप्पांनी घोडे घरी पाठवले आणि उपरणं डोळ्यांना लावलं. मी नेहमीसारखी दाणे निवडायला बसले. उडीद बोटांत आले तसं मी सहज विचारलं, "अप्पा, सगळे मोकळे झाले हे त्या गुलामाईला सांगितलं कुणी?"

अप्पांना प्रश्न आवडला. प्रश्न विचारला की ते मास्तर व्हायचे. "चांगलं विचारलंस. बहुतेकांना फौज पोचली तसतसं कळलं. पण टेक्सास म्हणून मुलूख आहे, पार कडेला. तिथं दोन वर्षं कळलंच नाही. लढाईसुद्धा संपून गेली."

"कुणालाच न्हाई?"

"मालकांना कळलं होतं. म्हणजे तसं म्हणतात. पण मालक म्हणाले, एवढा माल घरात येऊ द्या, मग सांगू..."

आणि अप्पा थांबले. हातात एक उडदाचा दाणा होता, तो ते दोन बोटांत फिरवत राहिले. मला वाटलं, पुढचं आठवत आहेत. आबा वाट बघत होते. शेवटी मीच म्हणाले, "मग?"

"तुझ्या शाळेच्या बाई आल्या होत्या," अप्पा म्हणाले.

अक्कांचे हात थांबले. "कशाला उकरताव आता ते?"

"तू चौथी पास झालीस त्या जूनमधे. तू विहिरीवर गेलेलीस. सिरसाळ्याला पाचवीत नाव घालते म्हणाल्या. एसटीचा पास पण काढून देणार होत्या. मी म्हटलं, तिच्या बापाला विचारतो." अप्पा माझ्याकडे बघत नव्हते, दाण्याकडे बघत होते. "विचारलं नाही. हिचे गुडघे धरलेले होते, रानात माणूस मिळत नव्हतं. मी बाईंना म्हटलं, यंदाचा माल घरात येऊ द्या, मग सांगतो. पुढच्या वर्षी त्या पुन्हा आल्या. पुन्हा तेच म्हटलं."

मी काय करायला हवं होतं, ते मला आजही कळत नाही. मी उडीद निवडत राहिले. अंगावरचं लुगडं कुणी ओढावं तशी मला लाज वाटत होती. बाई दोनदा येऊन गेल्या आणि मी मूर्खासारखी रस्त्याकडे बघत होते, हे सगळ्यांना दिसत असेल असं वाटत होतं.

बोलले ते आबा. "जाऊ द्या अप्पा. तुमी काय वाईट केलं व्हय? लेकरू पोटभर खातंय तुमच्या घरी. पाचवी शिकून काय मामलेदार होणार व्हती का काय?" अप्पांनी चूक कबूल केली आणि माझे आबा त्यांची समजूत घालत होते. मग ते उठले आणि पंच्यानं पायरी पुसली. त्या दिवशी अप्पा त्यांना "राहू दे" म्हणाले नाहीत. खाली मान घालून बसून राहिले.

पाडव्याला त्यांनी आबांना सांगितलं, "तुला कुठं जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही." आबांना वाटलं, आपल्याला काढून टाकलं. ते रडायला लागले. "काय चुकलं माझं, अप्पा? पोरगी बोलली त्याचा राग धरला का?" आबा गेले नाहीत. घरी येऊन मला म्हणाले, "तुझ्यापायी मोडलं त्यांचं मन."

जूनमधे अप्पा स्वतः मला एसटीनं सिरसाळ्याला घेऊन गेले. माझं नाव पाचवीत घातलं, नवी पाटी-पुस्तकं घेतली, आणि वर्गाच्या दारापर्यंत पोचवलं. मी दारात पाऊल ठेवलं तसा अख्खा वर्ग ताडकन उभा राहिला आणि ओरडला, "एक साथ नमस्ते!"

त्यांना वाटलं, नव्या बाई आल्या.

मी उंच होते, साडी नेसलेली होते, माझ्याकडे तेवढीच कापडं होती. गुरुजींनी सांगितल्यावर पोरं जी हसली ती दिवसभर हसली. बाकावर माझे गुडघे मावत नव्हते. मधल्या सुट्टीत एक चिमुरडी येऊन म्हणाली, "बाई, पाणी प्यायला जाऊ?" आणि तिच्या मैत्रिणी खिदळल्या. मी थोडे दिवस गेले. मग एक दिवस एसटीतून उतरले ती शाळेकडे न जाता पायी परत फिरले, रस्त्यानं नाही, रानारानानं. गावाजवळ कापसाच्या सरीतून चालत होते तर समोर बांधावर अप्पा उभे. त्यांनी मला पाहिलं. दप्तर पाहिलं. मी होते तिथं खिळून उभी राहिले.

अप्पांनी पाठ फिरवली. रागानं नव्हे. ते तसेच पाठमोरे उभे राहिले, मी त्यांच्या मागून निघून जाईपर्यंत, म्हणजे मला कुणी पाहिलं नाही असं मला वाटावं.

त्यानंतर ते मला शाळेचं काही बोलले नाहीत. त्या दसऱ्याला लढाई सुरू झाली नाही. रामा टेलर येऊन म्हणाला, "अप्पा, यंदा फौजा कुठं गेल्या? तह झाला का काय?" अप्पा म्हणाले, "संपली ती." त्याऐवजी दुपारी ते मला हाक मारायचे आणि पेपर पुढे करायचे. "वाच गं, मला दिसत नाही." त्यांना चांगलं दिसत होतं. मी एखादा शब्द चुकले की लांबूनच तो बरोबर करून सांगायचे. "इथं बस, खुर्चीवर," असं रोज म्हणायचे. मी उंबऱ्याशी बसून वाचायचे. आज जे चार शब्द मला लिहिता येतात ते त्या उंबऱ्यावरचे आहेत. दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी गेवराईकडे गोदाकाठच्या गावात आले.

अक्का गेल्या, आबा गेले, मायही गेली. मला माहेरी जायचं कारण उरलं नाही. गेल्या उन्हाळ्यात रामा टेलरचा फोन आला. "तायडे, अप्पा लई थकलेत बघ. माणूस वळखत न्हाईत. येऊन जा एकदा."

ओसरीवर खाट टाकलेली होती. अप्पा इतके लहान झाले होते की चादरीखाली माणूस आहे असं वाटेना. भस्म मात्र कुणीतरी लावलेलं होतं. मी उंबऱ्याशी उभी राहिले. त्यांनी मान वळवून बराच वेळ पाहिलं आणि एकदम धडपडून उठायला लागले.

"या, या बाई. उभ्या का? खुर्ची घ्या."

मी खुर्चीवर बसले. त्या घरात पहिल्यांदाच.

"लांबून आलात?"

"गेवराईकडून, अप्पा."

"गोदावरीला पाणी आहे का?"

"वाळू बी राहिली न्हाई," मी म्हणाले. ते हसले. तोच जुना हसण्याचा आवाज. मग हसू ओसरलं आणि ते पुढे झुकले.

"बाई, तुम्ही त्या पोरीचं विचारायला आलात ना? पाचवीचं?"

मी मान हलवली.

"घेऊन जा तिला. आत्ताच न्या, ती आत भांडी घासते आहे. तिच्या बापाला मी सांगतो." त्यांनी माझा हात धरला. "मालाचं काय, माल दरवर्षी येतच राहतो."

"नेते, अप्पा," मी म्हणाले.

"रागावली आहे का ती?"

"न्हाई."

"रागवायला पाहिजे होतं," अप्पा म्हणाले. "एकदा तरी."

ते दमून उशीवर टेकले. डोळे अर्धे मिटले. एसटीची वेळ झाली होती, म्हणून मी हळूच उठले. आणि उठता उठता, काही न कळता, मी पदराचं टोक घेऊन खुर्ची पुसली.

हात खुर्चीवर असतानाच मी वर पाहिलं. अप्पांचे डोळे पूर्ण उघडे होते. ते माझ्या हाताकडे बघत होते, मग माझ्याकडे. कोण बाई आणि कोण पोरगी, ते आता त्यांना कळलं होतं.

खाटेच्या कडेला धरून त्यांनी हळूहळू कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी पायऱ्या उतरून जाईपर्यंत ते तसेच पाठमोरे होते.